ई-रीडर घ्यावा का? आधी डोळ्यांना विचारा

हल्ली दवाखान्यात रक्तदाब मोजून झाला, चिठ्ठी हातात पडली, की उठता उठता एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मोबाइलवर वाचून डोळे दुखतात. तो पुस्तकं वाचायचा ई-रीडर असतो ना, तो घेऊ का? स्वस्तातला मिळतोय."

पुनावळ्यात हा प्रश्न विचारणारे साधारण तीन प्रकारचे लोक मला भेटतात. पहिले हिंजवडीत दिवसभर संगणकापुढे बसणारे तरुण. दुसरे चाकणच्या कारखान्यांत पाळीने काम करणारे, कंपनीच्या बसमध्ये रोजचे दोन-अडीच तास घालवणारे कामगार. आणि तिसरे या सर्वांचे आईवडील. गाव सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. इथे ना ओळखीचा पार, ना जुनी ग्रंथालयाची वर्गणी. वेळ भरपूर, पण वर्तमानपत्राची अक्षरे आताशा पुसट दिसतात. मुलगा म्हणतो, "यंत्र घेऊन देतो, त्यात अक्षर हवे तेवढे मोठे होते."

तिघांना एकच उत्तर देता येत नाही. म्हणून आजच्या लेखात हा विषय घेतला आहे.

यंत्र आहे तरी काय?

ई-रीडर आणि टॅब्लेट यांत बरेच जण गल्लत करतात. दोन्ही पाटीसारखे चपटे, दोन्हींवर पुस्तक वाचता येते. पण डोळ्यांच्या दृष्टीने दोन्हींत मोठा फरक आहे. मोबाइलच्या आणि टॅब्लेटच्या पडद्यातून प्रकाश बाहेर येतो आणि तो थेट आपल्या डोळ्यांत शिरतो. ई-रीडरच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यात केसाच्या जाडीइतक्या सूक्ष्म असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. विजेच्या इशाऱ्याने पांढरे कण वर आले की तो ठिपका पांढरा दिसतो, काळे वर आले की काळा. अशा ठिपक्यांचे मिळून अक्षर बनते. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड त्यावर पडतो आणि परावर्तित होऊन डोळ्यांत येतो, अगदी छापील कागदाप्रमाणे. पान उलटतानाच काय ती वीज लागते. त्यामुळे एकदा चार्ज केलेला ई-रीडर कित्येक दिवस चालतो, आणि भर उन्हातही त्यावरचे अक्षर स्वच्छ दिसते.

ही 'विजेची शाई' तयार करणारी ई-इंक ही कंपनी अमेरिकेत १९९७ साली स्थापन झाली. योगायोग असा, की आपले पुनावळे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आले तेही त्याच वर्षी. अशा पडद्याचे पहिले वाचनयंत्र सोनी कंपनीने २००४ साली जपानमध्ये विकायला काढले. ॲमेझॉनचे किंडल २००७ साली अमेरिकेत आले आणि २०१२ साली भारतातल्या दुकानांत सुमारे सात हजार रुपयांना मिळू लागले.

आणखी एक खुलासा. अलीकडच्या बहुतेक ई-रीडरमध्ये दिवा असतो. पण तो पडद्यामागे नसून कडेला बसवलेला असतो आणि पानावर समोरून उजेड टाकतो. हा दिवा कमी-जास्त करता येतो, पूर्ण बंदही करता येतो. स्वस्त म्हणून बिनदिव्याचा जुना ई-रीडर घेतला, तर रात्री खोलीतला दिवा लावावाच लागतो, हे आधी जाणून घ्यावे.

डोळे मुळात दुखतात कशाने?

एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक मिटण्याने डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. पडद्याकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याच्याही खाली येते. मग थर सुकतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात, आणि गंमत म्हणजे कोरडेपणाने चिडलेल्या डोळ्यांतून पाणीही येते. त्यात वातानुकूलित खोलीतली कोरडी हवा आणि आपल्याकडच्या बांधकामांची व रस्त्याची धूळ यांची भर पडते.

दुसरे कारण म्हणजे जवळचे पाहताना डोळ्यातल्या स्नायूंवर पडणारा ताण. मूठ तासभर आवळून धरली तर हात दुखेल की नाही? तसेच हे आहे.

तिसरे कारण म्हणजे चष्म्याचा चुकलेला नंबर, किंवा लागलेली पण मान्य न केलेली चाळिशी. चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते, म्हणून जवळचे वाचायला चष्मा लागतो. हे केस पिकण्याइतके नैसर्गिक आहे. पण कागद लांब लांब धरून वाचणारे आणि "मला चष्मा नको" म्हणणारे गृहस्थ मला आठवड्याला दोन तरी भेटतात.

आता पाहा, या तीनपैकी एकही कारण ई-रीडर घेतल्याने आपोआप नाहीसे होत नाही. पुस्तकात रंगून गेलेला माणूस कागदावर वाचतानाही पापण्या कमीच मिटतो. म्हणून 'वीसचा नियम' पडद्यालाही लागू आणि पुस्तकालाही. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे आणि तेवढ्यात चार-सहा वेळा पापण्या पूर्ण मिटाव्यात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर थेंब आणून घालू नयेत. त्यांतल्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. त्याने तात्पुरते बरे वाटते, पण ते मनाने महिनोन्‌महिने घातल्यास काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

अभ्यास काय सांगतात?

"ई-रीडर डोळ्यांना त्रास देत नाही" असे विकणारा छातीठोकपणे सांगतो. शास्त्र इतके छातीठोक बोलत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा जणांना छापील पुस्तक, ई-रीडर आणि टॅब्लेट अशा तिन्हींवर वाचायला दिले. टॅब्लेटवर डोळे जास्त थकले. ई-रीडर आणि कागद यांत मात्र फारसा फरक आढळला नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या अभ्यासात टॅब्लेट आणि ई-रीडर या दोहोंवरचा थकवा जवळजवळ सारखाच निघाला. पडदा चांगला असेल तर प्रकार कोणता याला तितके महत्त्व नाही, असे त्यांचे मत पडले.

तिसरा अभ्यास घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. २०१३ साली जर्मनीतील माइन्झ येथे तरुण आणि साठीपुढचे वाचक यांची तुलना झाली. "वाचायला काय आवडते?" असे विचारल्यावर बहुतेकांनी छापील पुस्तकच म्हटले. पण डोळ्यांच्या हालचाली आणि मेंदूवरचा ताण मोजला, तेव्हा वयस्करांना टॅब्लेटवर वाचायला कमी कष्ट पडत होते. टॅब्लेटवर अक्षर आणि पान यांच्यातला काळ्या-पांढऱ्याचा फरक अधिक ठळक असतो, हे त्याचे कारण. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडदापटलापर्यंत पोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच असतो. ई-रीडरचे पान शुभ्र नसून किंचित राखाडी असते. म्हणून आजोबांसाठी ई-रीडर घेताना त्याला दिवा आहे ना, हे पाहावेच, आणि जोडीला खोलीत चांगला उजेड ठेवावा.

जाता जाता निळ्या प्रकाशाविषयी. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने दृष्टी जाते, अशी भीती घालून खास काचा विकल्या जातात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने आतापर्यंतचे प्रयोग एकत्र तपासले. या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो, असे त्यांतून दिसले नाही. ते पैसे वाचवावेत.

रात्रपाळी आणि झोप

चाकणला प्रेस शॉपमध्ये काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे डोके दुखते म्हणून येत. दर आठवड्याला पाळी बदलायची. त्यांना वाचनाचा नाद दांडगा. बसमध्ये मोबाइलवर रहस्यकथा, आणि घरी आल्यावर अंथरुणात तीच पुढे. "झोप येत नाही म्हणून वाचतो," असे ते म्हणत. मला शंका होती, की वाचतात म्हणून झोप येत नाही. त्यांनीही ई-रीडरचाच प्रश्न विचारला.

या बाबतीत एक अभ्यास नेहमी सांगितला जातो, पण अर्धवट. २०१४ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी बारा जणांना पाच रात्री छापील पुस्तक आणि पाच रात्री 'ई-पुस्तक' झोपण्यापूर्वी चार-चार तास वाचायला दिले. ई-पुस्तकाच्या रात्री झोप लागायला सरासरी दहा मिनिटे जास्त लागली. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा आणि कमी स्रवले, आणि सकाळी डोळ्यांवर झापड जास्त राहिली. वर्तमानपत्रांतून बातमी आली, 'ई-रीडरमुळे झोप उडते.' पण त्या प्रयोगातले यंत्र होते टॅब्लेट, आणि तेही पूर्ण उजेडावर ठेवलेले. ई-इंकचा पडदा त्यात नव्हता. बिनदिव्याचा किंवा दिवा अगदी मंद केलेला ई-रीडर हा या बाबतीत पुस्तकाच्याच जवळचा आहे.

मोबाइलचा दुसरा दोष उजेडाचा नाहीच. वाचता वाचता निरोप येतो, मग चित्रफीत, मग क्रिकेटचा धावफलक, आणि झोपेचा तास निघून जातो. साध्या ई-रीडरवर हे काही होत नाही. एका परीने त्याचा कंटाळवाणेपणा हाच त्याचा गुण. त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले, की अंथरुणातला मोबाइल बंद करा. त्याजागी छापील पुस्तक घ्या किंवा मंद दिव्याचा ई-रीडर, आणि अर्ध्या तासाने तेही मिटा.

बसमधल्या वाचनाबद्दल मात्र ई-रीडरकडून फार अपेक्षा ठेवू नये. गाडी हलते तेव्हा कान मेंदूला 'आपण हलतोय' असे सांगतात आणि पानावर खिळलेले डोळे 'स्थिर आहोत' म्हणतात. या भांडणातून मळमळ आणि डोकेदुखी होते. ती कागदाने टळत नाही आणि ई-रीडरनेही नाही. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाजवळ गाडी खोळंबली असेल तेव्हा खुशाल वाचावे. ती धावू लागली की बाहेर पाहावे, नाहीतर कानाने गोष्ट ऐकावी.

मोठे अक्षर: वरदान, पण जपून

ई-रीडरचा वयस्करांना सर्वांत मोठा लाभ म्हणजे अक्षर मोठे करता येते. शिवाय तो वजनाला दोनशे ग्रॅमच्या आसपास. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला जाडजूड कादंबरी धरवत नाही, त्याला हे यंत्र सहज पेलते.

पण याच गुणात एक धोका लपलेला आहे, आणि या लेखाचा मुख्य मुद्दा तोच आहे.

कोयते वस्तीच्या बाजूला राहणाऱ्या, सत्तरीच्या एक आजी मधुमेहाच्या तपासणीसाठी येतात. लहानपणापासून वाचनाची आवड. सहा महिने त्यांनी पुस्तक हातात धरले नव्हते. मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला, "डॉक्टर, यंत्र मागवतोय. अक्षर मोठे केले की आई पुन्हा वाचायला लागेल." मी आजींना भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. एका डोळ्यावर हात ठेवून वाचायला सांगितले, मग दुसऱ्यावर. उजव्या डोळ्याने तारखांचे मोठे आकडेदेखील धुक्यातून पाहावे तसे दिसत होते. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याचे काम सांभाळून घेत होता, म्हणून कोणाच्या लक्षात आले नव्हते. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. उजव्या डोळ्यात पिकत आलेला मोतीबिंदू निघाला, आणि मधुमेहासाठी दोन्ही डोळ्यांचे पडदेही तपासून झाले.

समजा, ते यंत्र आधी आले असते. आजींनी अक्षर मोठे केले असते. महिन्याने आणखी मोठे, पुढे आणखी. सर्वांना वाटले असते, सोय झाली. मोतीबिंदूला उशीर झाला तरी बहुधा शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. पण काचबिंदूत गेलेली दृष्टी परत येत नाही. मधुमेहाने पडद्याची झालेली हानीही बहुतेक वेळा पूर्ण भरून निघत नाही. हे दोन्ही आजार सुरुवातीला दुखत नाहीत, खुपत नाहीत. 'अक्षर लहान दिसते' ही तक्रार कधी कधी आपल्याला मिळालेली एकमेव सूचना असते. ती यंत्राने झाकून टाकू नये.

म्हणून वडीलधाऱ्यांसाठी यंत्र मागवण्यापूर्वी पुढीलपैकी काही आहे का, ते पाहावे. एकेका डोळ्याने पाहिल्यास दोहोंत फरक जाणवतो का? वर्षभरात चष्म्याचा नंबर वारंवार बदलला का? दिव्याभोवती वलये दिसतात का? दाराची चौकट किंवा वहीची रेघ वाकडी दिसते का? यांपैकी एक जरी 'हो' असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ. मधुमेह असेल तर तक्रार नसली तरी वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी हवीच. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढताना डोळ्यातला दाबही मोजून घ्यावा.

मराठी वाचकाची अडचण

डोळे ठीक निघाले. आता पाहायचे, की आपल्याला हवे ते त्या यंत्रावर वाचता येते का. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून रीतसर मिळू लागली. पण आपल्या आवडीचा प्रत्येक लेखक तिथे सापडेल असे नाही. बुकगंगासारख्या मराठी दुकानातून घेतलेले ई-पुस्तक त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायचे असते. ते कोणत्याही ई-रीडरवर उघडेल असे धरून चालू नये. खरेदीपूर्वी आपल्याला वाचायची असलेली पाच पुस्तके कागदावर लिहावीत आणि त्यांतली किती त्या यंत्रावर मिळतात, ते पाहावे.

फुकट मिळणाऱ्या मराठी पुस्तकांचा साठाही मोठा आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर आहेत. ई साहित्य प्रतिष्ठानही विनामूल्य पुस्तके देते. पण यांतली बहुतेक पीडीएफ स्वरूपात असतात, म्हणजे पानाचा जणू फोटोच. स्वस्त ई-रीडरचा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा-सात इंचांचा. त्यावर मोठे पान आक्रसून बसते आणि अक्षर मुंगीएवढे होते. ते मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते. ज्या कारणासाठी यंत्र घेतले तेच साधत नाही. अशा वाचनाला मोठ्या पडद्याचा टॅब्लेट बरा.

आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरे. इंग्रजीला पुरेसा वाटणारा आकार मराठीला अपुरा पडतो. म्हणून शेजाऱ्याकडे यंत्र असेल तर एका संध्याकाळपुरते मागून घ्यावे. मराठी पुस्तक उघडावे, आपला रोजचा चष्मा लावावा, आणि हातभर अंतराहून थोडे जवळ धरून पाहावे. अनुस्वार आणि रफार न अडखळता दिसले तर यंत्र आपल्या कामाचे.

हिशेब

समजा, ई-रीडर दहा हजारांना पडला आणि पाच वर्षे टिकला. म्हणजे महिन्याला सुमारे एकशे सदुसष्ट रुपये. पुस्तकांचे पैसे वेगळे. रोज तासभर वाचणाऱ्याला हे महाग नाही. महिन्यातून एकदा उघडणाऱ्याला ती अडगळ होईल. आपण नक्की कोण, हे मनाला विचारू नये, मन खुशामत करते. पंधरा दिवस एका वहीत रोजच्या वाचनाची मिनिटे लिहावीत. सरासरी अर्ध्या तासाच्या वर भरली तरच पुढचा विचार करावा.

मुलांसाठी?

शाळकरी मुलासाठी ई-रीडर घ्यायची घाई नको. पडदा कोणताही असो, तासन्‌तास जवळचे पाहणे आणि घराबाहेर न पडणे यांनी लांबचे कमी दिसण्याचा दोष वाढतो. रोज दोन तास मोकळ्या उजेडात खेळणाऱ्या मुलांत तो कमी आढळतो. बाराव्या मजल्यावरच्या मुलाला यंत्रापेक्षा खाली मैदानात पाठवणे डोळ्यांना अधिक हिताचे. वाचनाची गोडी लागली असेल, तर पुस्तके आणून द्यावीत.

तर मग घ्यावा का?

ज्यांचे डोळे तपासून झाले आहेत, जे रोज वाचतात, ज्यांना मोठे अक्षर किंवा हलके वजन हवे आहे, किंवा जे रात्री मोबाइलवर वाचून झोप घालवतात, आणि ज्यांची पुस्तके त्या यंत्रावर मिळतात, त्यांनी दिवा असलेला साधा ई-रीडर जरूर घ्यावा. महागड्या सोयींच्या मागे लागू नये. ज्यांचे डोळे दिवसभराच्या संगणकाने थकतात, त्यांनी आधी विश्रांतीची सवय लावावी. संध्याकाळी आणखी एक पडदा हे त्यावरचे औषध नाही.

खर्चाचा क्रम असा ठेवावा: पहिला पैसा डोळ्यांच्या तपासणीला, दुसरा योग्य नंबरच्या चष्म्याला, तिसरा वाचायच्या जागी चांगल्या दिव्याला, आणि मग उरले तर यंत्राला. माझा अनुभव असा, की पहिल्या तीन पायऱ्यांवरच निम्म्या लोकांचे काम होते आणि घरातली धूळ खात पडलेली पुस्तके पुन्हा वाचायला निघतात.

त्या आजींची उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. नवा चष्मा आला. यंत्राचे काय ठरले, असे परवा विचारले, तर म्हणाल्या, "आधी कपाटातली संपवते, मग बघू."